जुन्या कारखान्याला स्थानिक वारसा दर्जा: या सेवेतून नेमकं काय वाचतं?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात नदीकाठी डॉमिनो साखर शुद्धीकरण कारखान्याची विटांची इमारत आहे. ती १८८०च्या दशकात बांधली गेली आणि २००४ साली तिथलं काम थांबलं. २००७ साली शहराने तिला वारसा वास्तूचा दर्जा दिला. २०२३ साली ती कार्यालयांसाठी पुन्हा उघडली तेव्हा विटांच्या भिंती, कमानीच्या खिडक्या आणि धुराडं जागच्या जागी होतं. आतून मात्र साखरेचा कारखाना पूर्ण गेला होता. मूळ इमारत यंत्रांभोवती बांधलेली असल्यामुळे मजल्यांची पातळी आणि खिडक्यांच्या ओळी एकमेकींशी जुळत नव्हत्या. म्हणून आतलं सगळं काढून, विटांच्या भिंतीपासून सुमारे १० ते १२ फूट अंतर सोडून काचेची नवी इमारत उभी केली गेली.

जपानमध्ये तोमिओका इथे १८७२ साली सुरू झालेली रेशीम गिरणी आहे. ती १९८७ साली बंद पडली. त्यानंतर २००५पर्यंत मालक कंपनीने ती विकली नाही, भाड्याने दिली नाही आणि पाडलीही नाही; नुसती सांभाळली. आज सुमारे १४० मीटर लांबीच्या त्या कताईच्या दालनात शेवटच्या दिवसापर्यंत चाललेली स्वयंचलित यंत्रं ओळीने उभी दिसतात. तिथल्या कोशांच्या एका गोदामातही काचेचं दालन उभारलं आहे, पण जुन्या भिंती आणि छत न काढता. ते त्या काचेतून दिसतं.

स्थानिक वारसा दर्जा ही अर्ज करून मिळणारी सार्वजनिक सेवा आहे, आणि तिचं परीक्षण करताना ही दोन टोकं समोर ठेवावी लागतात. आमचं मत थोडक्यात असं: भिंती वाचवायला ही सेवा उत्तम आहे. छप्पर आणि आवारासाठी ती मध्यम आहे, आणि यंत्रं व कामाचा क्रम वाचवायला मूळ स्वरूपात अपुरी. ही उणीव भरून काढता येते, मात्र ती दर्जाच्या आदेशातल्या मजकुरातच भरावी लागते. आदेश मंजूर झाल्यावर ती दुरुस्त करणं जवळपास नव्याने अर्ज करण्याइतकं अवघड होऊन बसतं.

दर्जा म्हणजे नक्की कोणता दर्जा

‘वारसा’ हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं, इमारत आता पडणार नाही. ते प्रत्येक ठिकाणी खरं नसतं. अमेरिकेत राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागणं मोठ्या मानाचं आहे. तरीही खासगी मालक स्वतःच्या पैशाने, केंद्राची कुठली परवानगी लागत नसताना इमारत पाडत असेल, तर ती नोंद त्याला अडवत नाही. तिथे अडवण्याची ताकद शहराच्या दर्जात आहे. इंग्लंडमध्ये याच्या उलट आहे: राष्ट्रीय यादीतली श्रेणी कायद्याने बांधते, तर स्थानिक यादी नियोजनाचा निर्णय घेताना फक्त विचारात घेतली जाते. तिथे स्थानिक यादीतली इमारत संरक्षित क्षेत्राबाहेर असेल आणि नगरपालिकेने पाडकामाची आपसूक मिळणारी मुभा वेगळ्या आदेशाने काढून घेतली नसेल, तर यादीतलं नाव फारसं कामाला येत नाही. बृहन्मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीत श्रेण्या आहेत. पहिल्या श्रेणीत आत-बाहेर हात लावायला जवळपास बंदी आहे, तर तिसऱ्या श्रेणीत आतले-बाहेरचे बदल आणि नवा वापर यांना बहुतांशी परवानगी मिळते. एकाच यादीतल्या दोन इमारतींचं भवितव्य म्हणूनच इतकं वेगळं असू शकतं.

अर्ज करण्याआधी स्थानिक नियमावलीत चार गोष्टी शोधाव्यात. पाडकाम कायमचं नाकारता येतं की ठरावीक महिने लांबवता येतं? मालकाची संमती नसताना दर्जा देता येतो का? आतला भाग संरक्षित करता येतो का? आणि किमान देखभालीची सक्ती आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘लांबवता येतं’ असं असेल, तर मिळतो तो फक्त वेळ. तो वेळ नवा वापर आणि पैसा शोधण्यासाठीच वापरायचा, हे पहिल्या दिवसापासून धरून चालावं.

तिसरा प्रश्न कारखान्यांसाठी सगळ्यांत कळीचा. न्यूयॉर्कमध्ये आतल्या भागाला दर्जा द्यायचा असेल, तर तो भाग जनतेसाठी नेहमी खुला असावा लागतो. रेल्वे स्थानक किंवा नाट्यगृह या अटीत सहज बसतं. कारखाना बसत नाही, कारण कारखान्यात बाहेरच्या माणसाला कोणी येऊच देत नसे. म्हणजे आतलं काम हीच ज्या इमारतीची ओळख, तिचाच आतला भाग नियमाच्या व्याख्येतून निसटतो. नियम कोणी मुद्दाम वाईट लिहिला नाही. तो घरं, देवळं आणि सार्वजनिक इमारती डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला, आणि कारखाना पुढे त्यात बसवला गेला.

प्रक्रिया कशी चालते आणि कुठे अडते

सिएटलची पद्धत समजायला सोपी आहे, म्हणून ती नमुन्याला घेऊ. तिथला अध्यादेश १९७३चा. इमारत किमान २५ वर्षं जुनी असावी आणि सहा निकषांपैकी किमान एकात बसावी. टप्पे चार: नामांकन, दर्जा देण्याचा निर्णय, नियंत्रणं आणि सवलतींचा करार, आणि शेवटी नगर परिषदेचा अध्यादेश. शिकागोत सातपैकी किमान दोन निकष पूर्ण व्हावे लागतात, शिवाय इमारतीचं मूळपण पुरेसं टिकलेलं असावं लागतं. बाकी शहरांत आकडे बदलतात, सांगाडा साधारण हाच राहतो.

यात लोक सगळी ताकद दुसऱ्या टप्प्यावर लावतात. सुनावणीला गर्दी होते, निर्णय झाला की टाळ्या पडतात आणि मंडळी घरी जातात. खरी वाटाघाट तिसऱ्या टप्प्यावर, बंद खोलीत, मालक आणि वारसा मंडळाच्या कर्मचाऱ्यांमध्ये होते. कशाला परवानगी लागेल, कशाला नाही, कोणतं छप्पर बदलता येईल, कोणती भिंत फोडून दार काढता येईल, हे सगळं तिथे लिहिलं जातं. अर्जदार संस्थेने या टप्प्यावर लेखी टिपण देण्याचा हक्क आहे का ते विचारावं आणि असेल तर तो जरूर वापरावा.

वेळेचा धोकाही इथेच आहे. लंडनच्या ग्रेट वेस्ट रोडवरचा फायरस्टोनचा कारखाना १९८० सालच्या ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवसांत पाडला गेला. संरक्षणाचा आदेश तयार होत होता, कार्यालयं बंद होती आणि तेवढ्यात दर्शनी भाग गेला. त्यामुळे नामांकन दाखल झाल्यापासून तात्पुरतं संरक्षण लागू होतं का, हे तारखेसह लेखी घ्यावं. काही शहरांत ते अर्जाच्या दिवसापासून लागू होतं, काही ठिकाणी समितीच्या पहिल्या ठरावापासून. आधीच निघालेला पाडकाम परवाना बहुतेक ठिकाणी तात्पुरत्या संरक्षणाने रद्द होत नाही. म्हणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात इमारत विभागात त्या मिळकतीवरचे सगळे चालू परवाने पाहून घ्यावेत. त्यात वीज आणि पाणी तोडण्याचे अर्जही पाहावेत, कारण पाडकामाची पहिली चाहूल तिथेच लागते.

घाईने केलेला अर्ज हा दुसरा धोका. सिएटलमध्ये मंडळाने नकार दिला तर पुढची पाच वर्षं मालकाच्या लेखी संमतीशिवाय ते प्रकरण पुन्हा उघडता येत नाही. ज्याला इमारत पाडायची आहे तो मालकही हे जाणतो. तो स्वतःच नामांकन दाखल करू शकतो आणि नकार पदरात पाडून घेऊन पाच वर्षं निर्धास्त राहू शकतो. मालकाकडून आलेल्या नामांकनाची पानं म्हणून नीट वाचावीत: त्यात काय आहे यापेक्षा काय गाळलं आहे ते पाहावं.

अर्जाची फाइल: सगळं वजन इथे आहे

बहुतेक नामांकनं वास्तुविशारदाच्या नजरेने लिहिलेली असतात. दर्शनी बाजू, शैली, बांधणाऱ्याचं नाव, कोपऱ्यावरचं घड्याळ. कारखान्याच्या बाबतीत ही नजर उलटी पडते, कारण रस्त्याकडची बाजू बहुतेक वेळा कचेरीची असते आणि काम मागे चालायचं. समितीने रस्त्याकडची बाजू ‘महत्त्वाची’ आणि मागची ‘दुय्यम’ ठरवली, की मागे कोळशाची वखार, बॉयलरघर आणि रुळांचा फाटा पाडायची वाट मोकळी होते.

वर्णन कच्च्या मालाच्या मागोमाग लिहावं. माल कुठून आत आला, कुठे तोलला, कुठे साठवला, कुठल्या मजल्यावर चढवला, कुठल्या यंत्रातून कुठे उतरला, तयार होऊन कुठून बाहेर पडला. यात शक्तीचा मार्ग वेगळा लिहावा: पाणी, बॉयलर, इंजिन, मुख्य शाफ्ट (यंत्रांना गती पोचवणारा फिरता दांडा), पुल्या, पट्टे. टाकाऊ मालाचा मार्गही लिहावा. असं लिहिलं की एरवी कुणाच्या लक्षात न येणाऱ्या गोष्टी आपोआप महत्त्वाच्या ठरतात. जमिनीत बसवलेला वजनकाटा, भिंतीतलं शाफ्टसाठीचं भोक, मजल्यावरचा तेलाचा डाग धरून दिसणारी यंत्रांची रांग, छतातली माल उचलण्याची कळ. औद्योगिक वारशासाठीच्या निझनी तागिल सनदेत (२००३) हेच म्हटलं आहे: यंत्रं किंवा घटक काढून टाकले, गौण भाग पाडले, तर स्थळाचं मूल्य आणि अस्सलपणा मोठ्या प्रमाणात घटतो. अर्जात या सनदेचा आधार जरूर घ्यावा, समित्या तो मान्य करतात.

त्यानंतर ‘संरक्षित घटकांची यादी’. संपूर्ण फाइलमध्ये कायदेशीर जोर याच दोन-तीन पानांना असतो. ‘इमारतीचं औद्योगिक स्वरूप’ असं मोघम लिहिलं तर वादात ते टिकत नाही. ‘उत्तरेकडे उजेड घेणारं करवतीच्या दातांसारखं छप्पर, त्याच्या सर्व रांगा, लोखंडी कैच्या, काचेची बाजू आणि रांगांमधल्या पन्हळी’ असं लिहावं. ‘तळमजल्यावरचे बिडाचे सर्व पोकळ खांब, त्यांच्या शिरोभागावरच्या शाफ्टच्या बैठकांसह’ असं लिहावं. बैठकांचा उल्लेख राहिला तर खांब ठेवून त्यांवरचं सगळं कापून काढलं जातं आणि नियमभंगही होत नाही.

यंत्रांसाठी स्वतंत्र परिशिष्ट करावं. पायाला बोल्टने जखडलेलं यंत्र इमारतीचा भाग मानायचं की हलवता येणारा माल, हा कायद्यातला जुना वाद आहे आणि आदेशात काही लिहिलेलं नसेल तर निर्णय भंगारवाल्याच्या ट्रकच्या वेगाने होतो. प्रत्येक यंत्राला क्रमांक द्यावा, बनवणाऱ्याची पाटी आणि तिच्यावरचा अनुक्रमांक उतरवून घ्यावा, पायाशी जोड कशी आहे ते लिहावं, छायाचित्र जोडावं. बॉयलरच्या बाबतीत काम सोपं असतं, कारण त्यांची सरकारी नोंद असते. भारतात १९२३च्या कायद्याखाली प्रत्येक बॉयलरला नोंदणी क्रमांक मिळत असे आणि तो अंगावर कोरलेला असे. सगळी यंत्रं ठेवणं शक्य नसतं. अशा वेळी ‘प्रत्येक प्रकारचं किमान एक, मूळ जागी, चालक शक्तीच्या जोडणीसह’ हा मसुदा मालकांना पटतो आणि अर्थही राखतो. यंत्रं प्रवेशद्वाराजवळ नेऊन रंगवून मांडण्याला आमची पसंती नाही. जागेवरून हललेलं यंत्र कामाचा क्रम सांगायचं थांबतं.

सीमारेषा हा तिसरा भाग, आणि चुका सर्वांत जास्त इथेच होतात. पत्ता लिहून भागत नाही. मिळकतीचा क्रमांक, मोजणीचा नकाशा आणि रेषेने बांधलेलं क्षेत्र तिन्ही जोडावं. कारखान्याचं आवार कालांतराने तुकड्यांत विकलं जातं. धुराडं एका तुकड्यात, बॉयलरघर दुसऱ्यात आणि पाण्याचा तलाव तिसऱ्यात जातो. आदेश फक्त मूळ क्रमांकाने लिहिलेला असेल तर पोटविभागणीनंतर कोणता तुकडा बांधील आहे यावरून वाद सुरू होतो. जमिनीखालचे धूरमार्ग आणि पाण्याचे कालवेही रेषेत घ्यावेत, पाया खणताना सर्वांत आधी तेच फुटतात.

कोणता काळ जपायचा, हा प्रश्न घरांपेक्षा कारखान्यांत फार गुंतागुंतीचा होतो. इंग्लंडमधल्या श्रूजबरीजवळची डिदरिंग्टनची जवसाच्या धाग्याची गिरणी १७९७ची. लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली जगातली पहिली इमारत म्हणून ती ओळखली जाते. १८९७च्या सुमारास तिथे बार्ली भिजवून मोड आणण्याचा कारखाना आला. त्याला अंधार हवा होता, म्हणून मोठ्या खिडक्यांतल्या बऱ्याचशा विटांनी बुजवल्या गेल्या. हे काम १९८७पर्यंत चाललं, म्हणजे गिरणी म्हणून जितकी वर्षं गेली तितकीच जवळपास मोडघर म्हणून. आता बुजवलेली खिडकी ही विद्रूपता मानायची की इतिहास? अर्जात ‘महत्त्वाचा काळ: १७९७’ असं लिहिलं तर सगळ्या विटा काढाव्या लागतील, आणि एका शतकाचं काम पुसलं जाईल. तिथे दोन्ही काळांना जागा दिली गेली आणि इमारत २०२२ साली लोकांसाठी उघडली. कारखाना वाढत आणि बदलत जातो. म्हणून महत्त्वाचा काळ शक्यतो एका वर्षाचा न लिहिता पहिल्या उत्पादनापासून शेवटच्या पाळीपर्यंतचा लिहावा, आणि त्यातली कोणती भर गौण आहे ते नावाने सांगावं.

पुरावे कुठे मिळतात? अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आगविम्याचे जुने नकाशे अमूल्य ठरतात. अमेरिकेच्या सॅनबॉर्न नकाशांत वीटकाम गुलाबी, लाकूडकाम पिवळं आणि दगड निळ्या रंगात दाखवलेला असतो, खोलीत कोणतं काम चाले तेही लिहिलेलं असतं. दर काही वर्षांच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की इमारत कशी वाढली ते दिसतं. इतरत्र कारखाना निरीक्षकांच्या नोंदी, बॉयलर तपासणीचे दाखले, यंत्र बनवणाऱ्यांच्या पुस्तिका आणि वीजजोडणीचे नकाशे कामी येतात. मोजणीसाठी लेझर स्कॅन स्वस्त झालं आहे, पण त्यावर विसंबू नये. स्कॅनला नळ दिसतो. त्यातून वाफ जात होती की रंग, हे दिसत नाही. अमेरिकेत १९६९पासून औद्योगिक वास्तूंच्या सरकारी नोंदी होत आहेत, त्यांत नकाशा, छायाचित्र आणि लेखी इतिहास तिन्ही एकत्र असतात. तोच नमुना पाळावा. मजल्यांचे नकाशे १:१०० किंवा १:५० प्रमाणात, लोखंडी जोडांचे १:१० प्रमाणात पुरतात. शक्य असेल तितक्या लवकर जुन्या कामगारांना नकाशा हातात देऊन इमारतीतून फिरवावं आणि ते जे शब्द वापरतात तेच नकाशावर लिहावेत. मुंबईच्या गिरण्यांत विणाईच्या विभागाला साचेखातं म्हणत. तो शब्द अर्जात आला तर खोली नुसती ‘हॉल क्रमांक ४’ राहत नाही.

दर्जा मिळाल्यानंतर

लंडनच्या बॅटर्सी वीजकेंद्राला १९८० साली श्रेणी मिळाली. १९८३ साली वीजनिर्मिती थांबली, दशकाच्या शेवटी एका योजनेसाठी छप्पर काढलं गेलं, योजना कोसळली आणि लोखंडी सांगाडा अनेक वर्षं पावसात उघडा राहिला. चारही धुराडी शेवटी उतरवून २०१४ ते २०१७ या काळात नव्याने बांधावी लागली. श्रेणी होतीच, २००७ साली ती वाढवलीही गेली. दर्जा पाडकाम रोखतो, पाऊस रोखत नाही. म्हणून किमान देखभालीचं कलम नसलेला आदेश आम्ही अपुरा मानतो. त्या कलमात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: छप्पर पाणबंद ठेवणं, पन्हळी वर्षातून किमान दोनदा साफ करणं, मोकळ्या खिडक्या हवा खेळेल अशा रीतीने बंद करणं, आणि मालकाने हे न केल्यास नगरपालिकेने करून खर्च वसूल करणं.

पन्हळींना इतकं महत्त्व का? करवती छपरात दोन रांगांच्या मधली घळ हीच पाण्याची एकमेव वाट असते, आणि बऱ्याच गिरण्यांत ते पाणी बिडाच्या पोकळ खांबातून खाली उतरवलेलं असतं. घळीत पानं साचली की पाणी छप्पर तोलणाऱ्या कैचीच्या टोकावर येतं. खांबाचा तळ तुंबला की पाणी खांबातच साचतं. थंड प्रदेशात ते गोठून खांब उभा चिरतो. बीड दाब उत्तम सहन करतं, ताण सहन करत नाही आणि मोडताना आधी वाकून इशाराही देत नाही. त्याला वेल्डिंगही सहज होत नाही. तडा गेलेला खांब शिवायचा तर धातूच्या कुलपांनी थंड पद्धतीने शिवतात. हे माहीत नसलेला कंत्राटदार सरळ वेल्डिंग करतो आणि तडा शेजारी सरकतो.

विटांमधल्या सांध्यांचं, म्हणजे दरजांचंही तसंच. जुनी मऊ वीट चुन्यात बांधलेली असते. दरजा सिमेंटने भरल्या की ओल बाहेर पडायला विटेखेरीज वाट राहत नाही. क्षार विटेच्या पृष्ठाखाली साठतात आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. दरज तिच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल खरवडून, चुना आणि वाळू साधारण १:३ प्रमाणात घेऊन भरावी. मूळ चुन्याचा नमुना आधी तपासून प्रमाण जुळवावं. वाळूचा मारा करून भिंत ‘स्वच्छ’ करायला परवानगीच देऊ नये, भाजलेल्या विटेची कडक कातडी त्यात जाते. परवानगीच्या अटींमध्ये या तिन्ही गोष्टी लिहिल्या नसतील तर दर्जाप्राप्त इमारतीचं नुकसान दर्जाच्याच दुरुस्तीखाली होतं, आणि हे आम्हाला पाडकामाइतकंच खुपतं.

धुराड्याकडे बंद पडल्यावर लगेच लक्ष द्यावं लागतं. चालू असताना ते गरम आणि कोरडं असतं. बंद झाल्यावर पहिल्यांदाच भिजू लागतं. आत साचलेले गंधकाचे क्षार आणि ओल मिळून दरजा फुगतात, पावसाच्या बाजूला जास्त, आणि धुराडं विरुद्ध बाजूला झुकू लागतं. वर हवा जाऊ देणारं झाकण, लोखंडी पट्ट्यांची तपासणी आणि वीजरोधक तारेची जोडणी ही पहिल्या वर्षातली कामं.

परवानग्यांच्या बाबतीत सेवा त्रासदायक असते ही तक्रार योग्य आहे, पण टाळता येण्यासारखी. करारातच कामांची तीन गटांत विभागणी करून घ्यावी: परवानगी न लागणारी नेहमीची देखभाल, कर्मचाऱ्यांनी काही दिवसांत मंजूर करायची कामं, आणि समितीपुढे न्यायची कामं. काच बदलणं पहिल्या गटात, पोलादी खिडकीची दुरुस्ती दुसऱ्यात, खिडकी बदलणं तिसऱ्यात. हे नसेल तर प्रत्येक फुटक्या काचेसाठी महिनाभर थांबावं लागतं आणि मालक दर्जाचा वैरी होतो.

जमिनीतलं प्रदूषण मात्र दर्जाला भारी पडतं. सिएटलचं गॅसघर १९०६ ते १९५६ चाललं. शहराने जागा घेतली आणि १९७५ साली तिथे मनोरे आणि यंत्रं ठेवून उद्यान उघडलं. जमिनीतलं डांबर आणि तेल हटवण्याचं काम त्यानंतरही अनेक वर्षं पुरलं. पर्यावरण विभागाने माती काढायला सांगितली तर वारसा समिती ‘नको’ म्हणू शकत नाही. फक्त कुठून आणि कशी काढायची यावर बोलू शकते. नळांवरचं ॲस्बेस्टॉस, शिशाचा रंग, ट्रान्स्फॉर्मरमधलं तेल, पाऱ्याचे स्विच यांची तपासणी अर्जाआधीच करून तिचा अहवाल फाइलला जोडावा. तो नसला की सुनावणीत मालकाचा वकील तोच मुद्दा काढतो आणि समितीकडे उत्तर नसतं.

कुणासाठी, आणि याऐवजी काय

रिकामी झालेली, सांगाडा शाबूत असलेली, आवार अजून तुकड्यांत न गेलेली इमारत असेल तर ही सेवा घ्यावी. अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या मान्यताप्राप्त पुनरुज्जीवनावर २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते, तिच्यासाठी राष्ट्रीय नोंद लागते. म्हणून तिथे दोन्ही अर्ज एकाच फाइलमधून करावेत. चालू कारखान्यासाठी आम्ही हा दर्जा जपून सुचवतो. यंत्र बदलणं ही चालू कारखान्याची गरज असते, तेव्हा तिथे भिंती आणि छप्पर संरक्षित करून यंत्रांसाठी फक्त ‘काढण्याआधी नोंद आणि संग्रहालयाला विचारणा’ एवढी अट पुरते. मालक राजी असेल तर मिळकतीच्या खतात नोंदवलेला संरक्षण करार हा दर्जापेक्षाही पक्का मार्ग ठरतो. त्यात आतला भाग आणि यंत्रं दोन्ही बांधता येतात आणि इमारत विकली तरी तो नव्या मालकाला लागू राहतो. मालक राजी असताना नुसत्या स्थानिक दर्जावर समाधान मानू नये.

अंतिम आदेश छापण्याआधी त्याची प्रत मागून घ्यावी आणि तीन गोष्टी स्वतः ताडून पाहाव्यात: मिळकतीचा क्रमांक नकाशाशी जुळतो का, घटकांच्या यादीतलं प्रत्येक वाक्य मूळ अर्जातल्यासारखंच आहे का, आणि यंत्रांचं परिशिष्ट ‘सोबत जोडलेलं’ म्हणून आदेशाच्या मजकुरात नावाने आलं आहे का. परिशिष्ट फाइलमध्ये असणं पुरेसं नसतं. आदेशात त्याचा उल्लेख नसेल तर प्रसिद्धीनंतर ते जोडून घेण्यासाठी नोटीस, हरकती आणि सुनावणी हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि त्या काळात यंत्रांना कोणतंही संरक्षण नसतं.